ड्रिल आधी खाली ठेवा

भाच्याने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, तुझं ड्रिल दे ना, संध्याकाळी हे करून टाकतो." इलेक्ट्रिक स्केटबोर्डला उचलायचं हँडल 'दहा मिनिटांत' कसं लावायचं, याचा तो व्हिडिओ. बोर्डवाल्या मंडळींत तो सध्या इतका फिरतोय की न पाहिलेला माणूस सापडणं कठीण. ड्रिल मी दिलं नाही. का दिलं नाही ते त्याला फोनवर सांगून झालं, पण हेच पाहून ड्रिल शोधणारे आणखी बरेच असणार.

व्हिडिओतलं म्हणणं असं: बोर्ड ट्रकला, म्हणजे चाकं बसवलेल्या धातूच्या आसाला, धरून उचलला की बेअरिंग खराब होतात, म्हणून हँडल हवंच. डेकच्या, म्हणजे उभं राहायच्या फळीच्या, बरोबर मध्यभागी, लांबीच्या रेषेत दोन भोकं पाडा, कारण तोल तिथेच असतो. ड्रॉवरचं कुठलंही हँडल चालेल. बॅटरीची काळजी नको, तिला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) असतं, ते सगळं सांभाळतं. भोकांना सिलिकॉन लावलं की पाणी आत जात नाही. आणि वर कडी म्हणजे, हँडल असलेला बोर्ड विमानात हातातलं सामान म्हणून चालतो.

बेअरिंगचं आधी उरकून टाकू. चाकातलं ६०८ नंबरचं बेअरिंग अख्ख्या माणसाचं वजन आणि रस्त्यावरचे दणके रोज सोसतं. ट्रकला धरून बोर्ड उचलला तर त्याच्यावर फार तर चाकाचं वजन येतं. त्याने ते खराब होत असेल तर चालवल्यावर भुगाच व्हायला हवा. अर्धं खरं एवढंच की ट्रकला धरणं गैरसोयीचं आहे, हे नाइलाजाने मान्य. बेल्टवाल्या बोर्डात बोटं पुलीपाशी जातात, उतरल्या उतरल्या मोटर चटका देण्याइतकी तापलेली असू शकते, आणि सात-आठ किलोंचा तो लांबडा ऐवज घेऊन जिना चढणं ही शिक्षाच आहे. एकचाकी 'वनव्हील' बोर्ड बनवणाऱ्यांनी २०१९ साली आपल्या 'पिंट' मॉडेलला मुळातच हँडल दिलं. चार चाकांचे बोर्ड बनवणाऱ्यांना एवढं का सुचू नये, हा राग मलाही आहे. तेव्हा हँडल हवं, यावर भांडण नाही.

भांडण आहे ते भोकावर. डेकच्या मध्यभागी, खालच्या बाजूला काय असतं? बहुतेक बोर्डांत बॅटरी. मेपलचे सात-आठ थर चिकटवून केलेला डेक साधारण ११ मिलिमीटर जाड. त्याच्या खाली डबा, आणि डब्यात डेकला जवळजवळ टेकलेले सेल, मध्ये फार तर फोमची एक पातळ पट्टी. ज्याने आयुष्यात एकदा तरी लाकडात ड्रिल चालवलंय त्याला माहीत आहे की शेवटचा थर फुटताना बिट अचानक पुढे झेपावतं. व्हिडिओतला गृहस्थ डबा न उघडता वरून ड्रिल चालवतो आणि हसत हसत सांगतो, "हलक्या हाताने." हात कितीही हलका असला तरी बिट कुठे थांबणार हे त्याला दिसत नाही.

बरं, बिट थोडक्यात थांबलं असं धरू. पुढे बोल्ट येतोच, आणि त्याला सेलमध्ये घुसायचीही गरज नाही. या पॅकमधल्या नळकांड्यासारख्या, १८६५० मापाच्या सेलचा बाहेरचा पत्रा हेच त्याचं ऋण टोक असतं. त्यावर प्लॅस्टिकचं एक पातळ वेष्टन, बस. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. शेजारशेजारच्या दोन गटांमधल्या सेलांची वेष्टनं एका धातूच्या बोल्टने घासली गेली आणि दोन्ही पत्र्यांना तो टेकला, की शॉर्ट झाला. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध काही दहा मिलिओहम, म्हणजे ओहमच्या काही शतांश भागाइतकाच असतो. चार व्होल्टला त्याने भागून पाहा. उत्तर शंभर अँपिअरच्या घरात जातं. हे लगेच घडेल असंही नाही. बोल्ट आज वेष्टनापासून केसभर लांब असेल. मग रस्त्याची थरथर रोज थोडंथोडं घासत राहते, आणि एक दिवस चार्जिंगला लावलेला बोर्ड आग धरतो. सेल तापला की धन आणि ऋण बाजूंमधला प्लॅस्टिकचा पडदा वितळतो, तो वितळला की सेल आतूनच शॉर्ट होतो, त्याची उष्णता शेजारच्याला लागते, आणि एकामागून एक सगळे पेटतात. बाहेर पडणारा वायूही ज्वलनशील.

आणि बीएमएस? या एका वाक्यासाठी तो व्हिडिओ काढून टाकायला हवा. बीएमएस म्हणजे पॅकच्या तोंडाशी बसवलेला पहारेकरी. बाहेर जाणारा करंट जास्त झाला, व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं, की तो वाट बंद करतो. पण शॉर्ट पॅकच्या आत, सेल आणि सेल यांच्यामध्ये झाला असेल तर तो करंट बीएमएसमधून जातच नाही. त्याला फार तर कळेल की एका गटाचं व्होल्टेज कोसळतंय. थांबवता काहीही येणार नाही.

"माझ्या बोर्डाला दोन वेगळे डबे आहेत, मध्ये रिकामं आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी: पुढच्या डब्यातली बॅटरी मागच्या डब्यातल्या कंट्रोलरपर्यंत पोचते कशी? वायरी त्याच रिकाम्या दिसणाऱ्या भागातून जातात. काही बोर्डांत डेकमध्ये कोरलेल्या खाचेतून, म्हणजे वरून दिसणारही नाहीत अशा. एव्हॉल्व्हच्या कार्बन मालिकेसारख्या बोर्डांत तर डेक पोकळ असतो आणि बॅटरी डेकच्या पोटातच. कार्बन फायबरला भोक पाडलं की उडणारी काळी धूळ वीजवाहक असते, आणि ती नेमकी इलेक्ट्रॉनिक्सवर जाऊन बसते. असल्या बोर्डाला ड्रिल लावूच नये.

आता मध्यभागाचा तोल. मोटरी बहुधा मागे असतात, त्यामुळे तोल मध्याच्या मागे सरकलेला असतो. एखाद्या गोल नळीवर बोर्ड आडवा ठेवून पुढेमागे सरकवला की खरी जागा मिळते. शिवाय लवचिक डेक माणूस उभा राहिला की वाकतो. लांबीच्या रेषेत दोन बोल्टांनी आवळलेलं ताठ हँडल वाकत नाही. म्हणजे प्रत्येक खड्ड्याला डेक एकीकडे ओढणार, हँडल दुसरीकडे, आणि भोकं लांबट होत जाऊन लाकूड तिथेच चिरणार. ड्रॉवरचं हँडल ड्रॉवर ओढायला केलेलं असतं. बारीक स्क्रूवर लोंबकळत्या, झोके खाणाऱ्या आठ किलोंसाठी नाही. आणि पाय ठेवायच्या जागेत वर आलेलं हँडल म्हणजे वळण घेताना अडखळायची सोय.

भोक पाडायचंच असेल तर जागा आहे: ट्रकच्या पलीकडे, नाकाच्या किंवा शेपटीच्या टोकाशी, जिथे खाली डबा नाही, वायर नाही, आणि डेक वाकतही नाही. तेही डबा आधी उघडून, आत काय कुठे आहे ते डोळ्यांनी पाहून. दोन भोकं आडव्या रेषेत घ्यायची, आरपार एम-५ (पाच मिलिमीटरचे) बोल्ट, खाली मोठे वॉशर, म्हणजे नट लाकडात रुतत नाही, आणि नायलॉनवाले लॉकनट, कारण साधे नट थरथरीने सुटतात. हँडल कापडी पट्ट्याचं घ्या; पायाखाली आलं तरी चपटं होतं. बोर्ड मग उभा लोंबतो, तोलाचा प्रश्नच येत नाही. डेकला टोकच नसेल तर ट्रकच्या आहेत त्याच भोकांत जरा लांब बोल्ट घालून तोच पट्टा अडकवता येतो. किंवा सरळ दोन फास असलेला खांद्याचा पट्टा घ्या, ट्रकला अडकवा आणि चालायला लागा, फक्त फास मोटरच्या बेल्टवर येऊ देऊ नका.

सिलिकॉनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. थरथरणाऱ्या, वाकणाऱ्या लाकडातल्या बोल्टाभोवती ते टिकत नाही. भोकाच्या कडांना आतून इपॉक्सी लावली तर प्लाय पाणी पीत नाही, एवढं खरं. डब्याच्या वर भोक पडलं की जलरोधकपणा गेला, आणि वॉरंटीही बहुधा त्याच्याबरोबर.

विमानाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण इथे अंदाज चालत नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयाटाचे धोकादायक मालाचे नियम हँडलबद्दल एक अक्षर बोलत नाहीत; ते वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते ते, बघतात. प्रवाशाकडची लिथियम-आयन बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीशिवाय, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने, आणि त्यापुढे हातातल्या सामानात नाही, चेक-इनमध्येही नाही. तुमचा आकडा काढायला बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर गुणा. ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-अवर म्हणजे २७० वॉट-अवर, विषय संपला. बूस्टेड या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने आपल्या कमी पल्ल्याच्या बोर्डाची बॅटरी ९९ वॉट-अवरची ठेवली होती, त्यामुळे 'बोर्ड विमानात चालतो' ही समजूत कुठून आली असेल ते कळतं. पण आज कित्येक विमान कंपन्या आकडा न बघता असली वाहनं सरसकट नाकारतात. आणि त्याच नियमांत इजा झालेली किंवा सदोष बॅटरी, आकार कितीही लहान असो, विमानात निषिद्ध आहे. ड्रिलचा ओरखडा बसलेला पॅक कशात मोडतो, ते व्हिडिओवाल्याने सांगावं.

एक गोष्ट त्या व्हिडिओत यायलाच हवी होती, ती आली नाही. काही बोर्ड चाक फिरवलं की आपोआप चालू होतात. हँडलला धरून चालताना चाक मांडीला घासतं, बोर्ड जागा होतो, आणि रिमोट खिशात दाबला गेला तर मोटर पायाशीच फिरायला लागते. तेव्हा हँडल कुठलंही असो, उचलण्याआधी रिमोट बंद करा, आणि ज्या बोर्डांत ती सोय बंद करता येते त्यात तीही बंद ठेवा.