‘ग्लो लेयर टाकला की डोळे चमकतात’ : या दाव्याला मुद्देसूद उत्तर

डिजिटल चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर एक दावा सारखा पुढे पाठवला जातो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या पद्धतीचे चमकदार डोळे काढायला चित्रकला यावी लागत नाही. बुबुळात रंग भरा, सावलीसाठी मल्टिप्लाय मोडच्या लेयरवर (लेयर म्हणजे चित्राचा एक थर) काळा फिरवा, वर ‘ॲड ग्लो’ मोडचा लेयर टाका, चार पांढरे ठिपके द्या, बाकीचे सॉफ्टवेअर बघून घेते. हाताने काढणाऱ्यांकडे असली सोय नव्हती, म्हणून तेच खरे कलाकार. आणि जाता जाता नवशिक्यांना सल्ला : महागडे सॉफ्टवेअर परवडत नसेल तर या भानगडीत पडू नका.

या दाव्याने मुलांचे प्रत्यक्ष नुकसान होते, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवे. शिकवताना माझ्यासमोर असे कितीतरी डोळे येतात : दुधाळ, धुरकट, मध्यभागी जळून पांढरे पडलेले. आणि सोबत प्रश्न ठरलेला, ‘सर, ग्लो तर टाकला, मग चमकत का नाही?’

‘बाकीचे सॉफ्टवेअर बघून घेते’

सॉफ्टवेअर नेमके काय बघते? ब्लेंडिंग मोड म्हणजे खालच्या आणि वरच्या लेयरच्या रंगांवर केलेले गणित. संगणकावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. मल्टिप्लाय दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याला २५५ ने भागतो, त्यामुळे रंग कधीच उजळत नाही. स्क्रीन हेच उलट्या बाजूने करतो, त्यामुळे रंग कधीच गडद होत नाही. ॲड सरळ बेरीज करतो आणि २५५ च्या वरचे कापून टाकतो. ओव्हरले खालचा रंग गडद असला तर मल्टिप्लायसारखा वागतो, उजळ असला तर स्क्रीनसारखा. एवढेच आहे ते.

प्रकाश खिडकीतून येतो आहे की दिव्याचा आहे, पापणी किती झुकली आहे, मुलगी रडून थांबली आहे की हसायच्या बेतात आहे, यातले काहीही त्या गुणाकाराला कळत नाही. ते काढणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि ब्रश टेकवण्याआधी ठरवावे लागते.

‘ॲड ग्लो म्हणजेच चमक, आणि जितका जास्त तितकी जास्त’

सगळ्यात जास्त चित्रे या एका वाक्याने बिघडतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

तपकिरी-नारिंगी बुबुळ घ्या. त्याचा वरचा गडद भाग समजा ७०, ३५, २० आहे आणि खालचा उजळ भाग २००, १४०, ७०. आता ॲड मोडच्या लेयरवर मऊ एअरब्रशने १२०, १२०, १२० हा राखाडी फिरवा. कमी ओपॅसिटीवर, म्हणजे रंग अर्धपारदर्शक ठेवून, पांढरा फिरवला तरी परिणाम साधारण असाच होतो. गडद भागाचे झाले १९०, १५५, १४० : धुळकट, फिका, मातकट गुलाबी. उजळ भागाची बेरीज ३२०, २६०, १९०. पहिले दोन आकडे २५५ वर कापले गेले आणि उरला २५५, २५५, १९० हा फिकट पिवळा. नारिंगी रंग दोन्हीकडून गेला. शिवाय वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यातले अंतरही कमी झाले. मुले ज्याला ‘दुधाळ’ म्हणतात ते हेच.

आता त्याच गडद भागावर राखाडीऐवजी ९०, ४०, ० हा काळपट, गर्द नारिंगी ॲडने लावा. उत्तर येते १६०, ७५, २०. तापलेल्या तांब्याचा रंग. मोड तोच, लेयर तोच, फक्त रंग निवडणारा शुद्धीवर आहे. ॲडसाठी रंग गडद आणि गर्द घ्यायचा असतो, कारण उजळपणा बेरजेतून मिळणारच असतो. ‘ग्लो आहे म्हणजे पांढरा घ्या’ असे सांगणाऱ्या पोस्टींनी ही साधी गोष्ट झाकून टाकली आहे.

ॲड इतक्या लवकर का जळतो, यालाही कारण आहे. स्क्रीनवरचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात चढत नाहीत. १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा दिसतो, पण पडद्यावर त्याचा प्रकाश पूर्ण पांढऱ्याच्या साधारण २२ टक्केच असतो. म्हणून १२८ वर १२७ ॲड केले की आकड्यांत पूर्ण पांढरा येतो. खऱ्या प्रकाशाचा हिशेब केला तर तेच दोन उजेड मिळून १७५ च्या आसपासच पोचायला हवेत. बहुतेक सॉफ्टवेअर नेहमीच्या सेटिंगमध्ये आकड्यांचीच बेरीज करते. त्यामुळे ओपॅसिटी उतरवणे आणि रंग गडद ठेवणे हे आपल्याच हातात राहते.

ग्लो डॉज आणि कलर डॉज या मोडची गोष्ट आणखी बोलकी आहे. डॉज खालच्या आकड्याला वरच्या रंगाच्या ‘उरलेल्या काळोखा’ने, म्हणजे २५५ मधून वरचा आकडा वजा करून उरलेल्या आकड्याने, भागतो आणि २५५ ने गुणतो. वरचा आकडा २०० असेल तर खालचा १० जातो ४६ वर, आणि खालचा ६० थेट २५५ वर आदळतो. खालचा ० मात्र ० च राहतो. म्हणजे बाहुली शुद्ध काळ्याने भरली असेल तर तिच्यावर डॉज कितीही फिरवा, ठिणगीसुद्धा उमटत नाही. म्हणून मी बाहुलीला गडद जांभळा किंवा काळपट निळा द्यायला सांगतो, काळा नाही. खालच्या थरात आधी काय रंगवून ठेवले आहे यावर डॉजचा सगळा खेळ चालतो. त्या थराची मेहनत या दाव्यात कुठेच मोजलेली नाही.

आणि मूळ मुद्दा. पडद्यावरचा पांढरा २५५ च्या पुढे जात नाही. कागदाचा पांढराही कागदाइतकाच पांढरा. मग चमक वाढवायला जागा एकाच बाजूला उरते : काळोखाच्या. बुबुळाचा वरचा तिसरा हिस्सा पापणीच्या सावलीत नीट बुडवला, बुबुळाची कड गडद ठेवली, तर साध्या नॉर्मल लेयरवरचा एक पांढरा ठिपकासुद्धा लखलखतो. ते केले नसेल तर पाच ग्लो लेयर चढवूनही डोळा फक्त फिकट होतो. पटत नसेल तर चित्र थोडा वेळ कृष्णधवल करून पाहा. तिथे चमक दिसली नाही तर रंगातही ती नसते.

‘सावलीसाठी मल्टिप्लायवर काळा’

हे थोडक्यात. मल्टिप्लायवर राखाडी किंवा काळा लावला की डोळ्याचा पांढरा भाग मळकट दिसतो. २४५, २४०, २४० या पांढऱ्यावर १७० चा राखाडी गुणला की १६३, १६०, १६० येतो : सिमेंट. त्याऐवजी १९०, १८०, २१५ हा फिका जांभळट गुणा, १८३, १६९, २०२ येईल. सावली जवळपास तेवढीच, पण तिच्यात हवा आहे. डोळ्याच्या कोपऱ्यांजवळ हाच रंग थोडा गुलाबीकडे झुकवला की डोळा चेहऱ्यात बसतो.

‘चार पांढरे ठिपके द्या’

ठिपके कुठे? दाव्यात याचे उत्तर नाही, आणि डोळ्याचा जीव तर इथेच असतो.

डोळ्याच्या पुढच्या बाजूला कॉर्निया हा पारदर्शक घुमट आहे. त्याच्या ओल्या पृष्ठभागावरून दिवा किंवा खिडकी परावर्तित होते, तो हायलाइट. तो बुबुळाच्या पुढे असतो, त्यामुळे त्याचा रंग बुबुळाचा नसतो, प्रकाशाचा असतो. त्याचा आकारही प्रकाशाचाच : खिडकी असेल तर चौकोनी, रिंगलाइट असेल तर कडे. दुसरीकडे, त्याच घुमटातून आत गेलेला प्रकाश वाकतो आणि बुबुळाच्या विरुद्ध बाजूला गोळा होतो. म्हणून हायलाइट वर डावीकडे असेल तर उजळ चंद्रकोर खाली उजवीकडे पडते. ॲनिमेतल्या बुबुळाचा वरचा भाग गडद आणि खालचा उजळ असतो, त्याचे मूळ इथे आहे. ही लोकांनी नुसतीच पाडलेली पद्धत नव्हे, कुणीतरी डोळ्याकडे नीट पाहिले होते.

आता लेयर कसे बसतात पाहा. खालची चंद्रकोर बुबुळाच्या आतली, म्हणून तिला ॲड किंवा ओव्हरले शोभतो : बुबुळाचा रंग टिकून तो पेटल्यासारखा होतो. वरचा हायलाइट मात्र बाहेरचा, म्हणून तो सगळ्यात वरच्या लेयरवर, नॉर्मल मोडमध्ये, कडक कडेच्या ब्रशने. त्याला कुठल्याच मोडची गरज नाही. तोच मऊ एअरब्रशने काढला की डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यासारखा दिसतो. ही चूक मी अगदी तयार मुलांच्या कामातही पाहतो.

दुसरी नेहमीची चूक : एक डोळा पूर्ण रंगवायचा, कॉपी करून उलटवायचा आणि दुसरीकडे लावायचा. हायलाइटही उलटतो. मग डाव्या डोळ्यात प्रकाश डावीकडून आणि उजव्या डोळ्यात उजवीकडून, आणि नजर तिरळी वाटू लागते. आकार हवा तर उलटवा, हायलाइट पुन्हा हाताने काढा.

‘हाताने काढणाऱ्यांकडे ही सोय नव्हती’

जपानमध्ये मुलींच्या मासिकांत चांदण्यांनी भरलेले डोळे १९५० च्या दशकात आले. चित्रकार ताकाहाशी माकोतो यांचे नाव या शैलीशी कायम जोडले जाते. तिथे सगळे ब्रश, पेन, शाई आणि रंग. पण काम करण्याची रीत थरांचीच. जलरंगातही पारदर्शक रंग वाळू देऊन त्यावर दुसरा पारदर्शक थर चढवतात. दोन्ही थरांतून गाळून आलेला उजेड आपल्याला दिसतो, आणि हे मल्टिप्लायच्या फार जवळचे आहे. हायलाइटसाठी कागद कोरा राखतात, हे आपल्याकडे जलरंग शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुढे सेल ॲनिमेशनच्या, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर (सेलवर) चित्रे रंगवून ती कॅमेऱ्याने टिपण्याच्या काळात चकाकी दाखवण्यासाठी जपानी स्टुडिओ एक खास तंत्र वापरत. दृश्य एकदा नेहमीसारखे चित्रित करायचे. मग फिल्म मागे घेऊन, जिथे चकाकी हवी तेवढीच जागा उघडी ठेवलेला काळा मास्क लावायचा आणि खालून दिवा सोडून त्याच फिल्मवर दुसरे एक्स्पोजर द्यायचे. रंग हवा असेल तर मध्ये रंगीत फिल्टर. फिल्मवर आधीच्या उजेडात नव्या उजेडाची भर पडायची. आजचा ॲड मोड हेच काम आकड्यांनी करतो. तेव्हा ‘सोय नव्हती’ हे खरे नाही. सोय होती, ती कॅमेऱ्याखाली होती आणि ती वापरायला प्रचंड कौशल्य लागे. शिवाय त्याच काळातले डोळ्यांतले बहुतेक हायलाइट म्हणजे सेलवर लावलेला सपाट पांढरा रंग होता, ना ग्लो ना डॉज. तरी ते डोळे चमकत.

ज्यांनी हे सगळे हाताने उभे केले त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. म्हणूनच त्यांचे नाव पुढे करून आजच्या मुलांना कमी लेखणे मला सहन होत नाही.

‘महागडे सॉफ्टवेअर नसेल तर सोडून द्या’

हे सरळ खोटे आहे. क्रिटा मोफत आहे. आयबिस पेंट फोनवर चालते. बेरीज आणि गुणाकार सगळीकडे सारखेच. नावे मात्र वेगवेगळी : क्रिटात जो ॲडिशन, तो फोटोशॉपमध्ये लिनिअर डॉज ॲड. क्लिप स्टुडिओत ॲड आणि ॲड ग्लो असे दोन आहेत. त्यांच्यातला फरक अर्धपारदर्शक कडांवर दिसतो, तिथे ॲड ग्लो जास्त जोर करतो. पूर्ण भरीव रंगावर दोघेही सारखेच.

नवशिक्यांनी मोडला घाबरून दूर राहावे असे मला वाटत नाही, आणि मोडवर विसंबून राहावे असेही वाटत नाही. फोनवर, बोटाने काढत असाल तरी एक सराव करून बघा. मोड वापरून डोळा तुमच्या मनासारखा करा. मग आयड्रॉपरने (चित्रातला रंग उचलणाऱ्या साधनाने) त्यातले पाच रंग उचला : वरची सावली, बाहुली, मधला रंग, खालची चंद्रकोर, हायलाइटची कड. ते बाजूला ठिपके करून ठेवा. आता नवा लेयर घ्या, मोड नॉर्मल, ओपॅसिटी शंभर, आणि तेवढ्याच पाच रंगांत तोच डोळा पुन्हा काढा. दुसरा डोळा पहिल्याइतका चमकला नाही तर आधी वरची सावली तपासा. बहुतेक वेळा ती कमी गडद उचललेली असते.