पंपाचा बुश आणि घरचा लेथ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कुळागरातल्या (नारळ-सुपारीच्या बागेतल्या) जुन्या पंपाचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, मी घरच्या लेथवर (धातू फिरवून कापायच्या यंत्रावर) बनवला, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या खोलीत मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) गोष्टी करणं म्हणजे मनाची समजूत, धातू कुठला याचा दाखला नाही, सुटे भाग बाजारात मिळत असताना हा खटाटोप कशाला, आणि असलं काही वाचून एखादा पोरगा बोटं घालवून बसेल. तुमचं आयुष्य टूलरूममध्ये (कारखान्यात अचूक हत्यारं घडवतात त्या विभागात) गेलंय, तेव्हा मोघम उत्तर देण्यात अर्थ नाही.

तीन जबड्यांच्या चकात (लेथच्या फिरत्या पकडीत) धरलेला बार पाच-दहा शतांश मिलिमीटर सहज फिरकतो, म्हणजे केंद्रापासून हटून फिरतो, हे खरंच आहे. पण बुशाचं बाहेरचं टर्निंग (बाहेरून कापणं) आणि आतलं बोअरिंग (भोक कापून मोठं करणं) एकाच पकडीत केलं, जॉब (काम चाललेला तुकडा) मध्ये सोडलाच नाही, तर दोन्ही व्यास एकमेकांशी समकेंद्री येतात. चक किती फिरकतो याचा तिथे संबंधच उरत नाही. जॉब उलटा धरायची वेळ आली तर चार जबड्यांचा चक लावायचा आणि डायल इंडिकेटरची (जॉब किती हलतो ते दाखवणाऱ्या घड्याळी मापाची) सुई स्थिर होईपर्यंत जबडे सरकवत बसायचं. याला वेळ लागतो. कारखान्यात मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो, घरी द्यावा लागत नाही, आणि हौसेच्या कामाची खरी ताकद मला तिथेच दिसते.

फिटबद्दल, म्हणजे शाफ्ट आणि बुश यांच्यातल्या फटीबद्दल, तुम्ही आकडे मागितले होते. शाफ्ट २५ मिमीचा. बोअर (बुशाचं आतलं भोक) एच७ या ठरलेल्या मापवर्गात धरला, म्हणजे २५.००० ते २५.०२१, शाफ्ट एफ७, म्हणजे २४.९५९ ते २४.९८०. फट कमीत कमी २० मायक्रॉन, जास्तीत जास्त ६२. तेलावर फिरणाऱ्या शाफ्टला एवढी लागतेच. बुश हाउसिंगमध्ये (पंपाच्या ज्या भागात तो बसतो त्यात) दाबून बसवला की बोअर आवळतो, त्यामुळे लेथवरच बोअर शेवटच्या मापाला आणण्यात काही हशील नाही. थोडा माल ठेवायचा, बुश बसवायचा, मग २५ चा एच७ रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) हाताने फिरवायचा. आणि माप घ्यायची घाई करायची नाही. गनमेटल (बुशाचा तांब्याचा मिश्रधातू) तापलं की दर अंशाला मीटरमागे सुमारे १८ मायक्रॉन वाढतं. टर्निंगमध्ये ३० अंशांनी तापलेल्या २५ मिमी व्यासात १३ मायक्रॉनची वाढ दिसते, म्हणजे तुमच्या टॉलरन्समधला (मापात चालणाऱ्या फरकातला) निम्म्याहून जास्त भाग नुसत्या उष्णतेने खाल्ला. गोव्यात मे महिन्यात खोली २० अंशांवर येणार नाही. पण जॉब, शाफ्ट आणि मायक्रोमीटर तिन्ही रात्रभर एकाच टेबलावर ठेवले की तिन्हींचं तापमान एक होतं. बोअर टेलिस्कोपिक गेजने (भोकात पसरून माप पकडणाऱ्या साधनाने) घेतो आणि गेज मायक्रोमीटरवर वाचतो. हात बसेपर्यंत त्याच बोअरचं माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

धातूचा मुद्दा मात्र तुमचा सगळ्यात वजनदार, आणि मी तो पूर्ण मान्य करतो. भंगारातला पिवळा बार पितळ आहे की गनमेटल, हे नुसत्या रंगावरून ठरवू नये. पितळात तांब्यासोबत जस्त भरपूर असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त निघून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र, लालसर सांगाडा उरतो. आकार तोच दिसतो, पण जोर लावला की भाग कुसकरतो. गोव्यातल्या मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीवर मासेमारी ट्रॉलरची कामं करणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून बुशासाठी मी ८५-५-५-५ चं गनमेटल ग्रेड सांगूनच घेतो: तांबं ८५ टक्के, कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी ५. ज्याची ओळख नाही तो तुकडा स्पेसर, नॉब, हँडल असल्या बिनजोखमीच्या कामाला.

बाजारात मिळत असेल तर घ्यावंच. बेअरिंग आणि ऑइल सील मी कधीच बनवत नाही. पण जुन्या मशिनांचं दुखणं वेगळं असतं. अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश पद्धतीचा) बोल्ट इंचाला १२ आट्यांचा, आटा ५५ अंशांचा. अर्ध्या इंचाचाच यूएनसी (अमेरिकी पद्धतीचा) १३ आट्यांचा आणि ६० अंशांचा. दिसायला दोन्ही सारखे. मापशाच्या किंवा मडगावच्या दुकानातून समोर आला तो बोल्ट आणून घातला की दोन-चार फेऱ्यांत अडकतो, आणि पान्याने जोर केला की बिडाच्या बॉडीतले आटे कायमचे जातात. जुन्या गिरण्यांची आणि पंपांची कितीतरी धुडं अशीच भंगारात गेली आहेत. अशा वेळी आटे मोजून लेथवर एक स्टड (बिनडोक्याचा, आटे असलेला बोल्ट) कापणं हाच मशिन वाचवायचा मार्ग असतो. ती धुडं अजून पन्नास वर्षं चालतील अशी आहेत, म्हणून मला त्यांची इतकी ओढ आहे.

सुरक्षिततेवर वाद नाहीच. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरता जॉब मोज्यासकट हात ओढून घेतो. चकची चावी चकात क्षणभरही सोडायची नाही. कीस आकड्याने ओढायचा, बोटाने कधीच नाही. डोळ्यांवर गॉगल. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, म्हणून लेथला पक्कं अर्थिंग आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. शिकायचं असेल त्याने आधी फाइल (कानस) हातात घ्यावी. आयटीआयमध्ये फिटरला सुरुवातीला फायलिंगच करायला लावतात, आणि त्यामागे मोठं शहाणपण आहे.

ब्रेक, स्टिअरिंग, वजन उचलायचे हुक आणि गॅसचे व्हॉल्व मी बनवत नाही. कुणी घेऊन आलं तर गोड बोलून परत पाठवतो. हे त्या लेखाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरात टाकतोय. बुशाचं ड्रॉइंगही मापांसकट जोडतोय. तेलाची खाच मी सरळ घेतली आहे. तिथे तिरकी बरी की सरळ, यावर तुमचं मत वाचायला आवडेल.