लार्सनची जर्सी आणि आईच्या पाटल्या

एखाद्या निवृत्त खेळाडूने आपली जर्सी, बॅट किंवा अंगठी लिलावात काढली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "अरेरे, काय वेळ आली बिचाऱ्यावर!" आणि दुसरं, "पैशाला हपापलाय, आठवणी विकायला निघाला." मला ही दोन्ही वाक्यं सहन होत नाहीत. आज जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर कराडचं. 1994 साली मला सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा फी, हॉस्टेल आणि मेस धरून घरात तेवढे पैसे नव्हते. एका दुपारी आईने मोरीत बसून हाताला साबण चोळला आणि लग्नात घातलेल्या पाटल्या काढायला घेतल्या. वीस वर्षांत हात भरला होता. डावी निघाली, उजवी निघेना. शेवटी मी तिचा हात धरला आणि बाबांनी पाटली ओढली. सराफाने काटा लावला, कसोटीवर घासून पाहिलं, तूट धरली आणि आकडा सांगितला. आई हळूच म्हणाली, "नक्षी बघा की जरा, हाताने केलेली आहे." सराफ चांगला माणूस होता. म्हणाला, "वहिनी, मोडीला घडणावळ मिळत नसते."

आईने पाटल्या मोडल्या म्हणून आमच्या आळीत तिला कुणी लोभी म्हटलं नाही. पोरीच्या शिक्षणासाठी सोनं मोडणं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आता डॉन लार्सनचं ऐका. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी सांगते, परफेक्ट गेम म्हणजे पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेल्या सामन्यात समोरचे 27 च्या 27 बॅटर आले तसे परत गेले, एकही पहिल्या बेसवर, धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला नाही. 8 ऑक्टोबर 1956 ला यांकी स्टेडियममध्ये, ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध, वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या अंतिम मालिकेच्या, पाचव्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजच्या लार्सनने हे केलं. वर्ल्ड सिरीजमध्ये परफेक्ट गेम आजवर दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. आणि हा माणूस काही दिग्गज पिचर नव्हता हो. दोनच वर्षं आधी, 1954 च्या मोसमात, तो 3 सामने जिंकला होता आणि 21 हरला होता. अख्ख्या कारकिर्दीत 81 विजय, 91 पराभव. त्याच सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात त्याला दुसऱ्याच इनिंगमध्ये काढून घेतलं होतं. आयुष्यात एक दुपार अशी आली की सगळं जुळून आलं, आणि त्या दुपारी अंगावर होते ते कपडे त्याने जपून ठेवले. 2012 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, त्याने ते लिलावात दिले. 7 लाख 56 हजार डॉलर आले. कारण काय, तर नातवंडांचं कॉलेज.

पट्ट्यापट्ट्यांचं जुनं लोकरी कापड ते. मोडीत टाकलं तर कुणी चार आणे देणार नाही. म्हणजे ते 7 लाख 56 हजार सगळेच्या सगळे घडणावळीचे! माझ्या आईला जी मिळाली नाही ती या म्हाताऱ्याला पूर्ण मिळाली. हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

लोकांना वाटतं, इतके मोठे खेळाडू, यांना कशाला पैसे लागतात? आजच्या खेळाडूंचे पगार बघून असं वाटणं साहजिक आहे. पण जुन्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या करारात 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचं कलम असायचं. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाला बांधलेला; मालक देईल तो पगार घ्या, नाहीतर घरी बसा. 1975 च्या अखेरीस लवादाच्या निवाड्याने हे जोखड सुटलं. लार्सन शेवटचा खेळला 1967 मध्ये. त्याच्या पिढीतल्या कित्येकांना हिवाळ्यात दुसरी नोकरी धरावी लागायची.

पेन्शनचं तर विचारूच नका. 1980 पासून 43 दिवस संघात काढले की पेन्शनचा हक्क लागू होतो. त्याआधीच्यांना मात्र चार वर्षं भरावी लागत. साडेतीन वर्षं खेळला आणि खांदा गेला, तर हातात भोपळा. नवा नियम जुन्यांना लावलाच नाही. 2011 मध्ये अशा 1947 ते 1979 च्या काळातल्या खेळाडूंना वर्षाला जास्तीत जास्त 10 हजार डॉलर द्यायचं ठरलं, तेही माणूस गेला की बंद, मागे राहिलेल्या बायकोला काही नाही. ज्या खेळात आज अब्जावधी डॉलर फिरतात त्या खेळाने हे करावं? लाज कुणाला वाटायला हवी असेल तर ती इथे वाटायला हवी. जर्सी विकणाऱ्याने मान खाली का घालायची?

"मग संग्रहालयाला का नाही देत?" हा पुढचा प्रश्न. कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलचं मोठं संग्रहालय, वस्तू विकत घेत नाही, देणगी म्हणूनच स्वीकारतं. ज्याला परवडतं त्याने जरूर द्यावी. पण आपण तिकीट काढून काचेआडची जर्सी बघायची आणि त्या खेळाडूच्या नातवाने कर्ज काढून शिकायचं, असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरतो? आणि संग्रहालयात सगळं सुरक्षितच असतं असंही नाही. न्यू जर्सीत योगी बेराच्या नावाचं संग्रहालय आहे. लार्सनच्या त्या सामन्यात शेवटच्या चेंडूनंतर धावत येऊन जो कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, त्याच्या कडेवर चढला, तोच हा बेरा. 2014 मध्ये तिथून वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर त्याला मिळालेल्या अंगठ्या चोरीला गेल्या. चोरांनी त्या वितळवल्या. अख्ख्या कारकिर्दीच्या अंगठ्या, आणि शेवटी उरलं ते सोन्याचं वजन. ही बातमी वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

खेळाडूने जिवंतपणी स्वतः विकावं याला एक व्यवहारी कारणही आहे. जुन्या काळी संघ आपल्या जर्सी खालच्या लीगच्या संघांकडे पाठवून द्यायचे, तिथली पोरं त्या फाटेपर्यंत वापरायची. म्हणून त्या दुर्मिळ, आणि म्हणूनच बाजारात खोटा माल भरपूर. लिलाववाले जुने फोटो मोठे करून कापडावरच्या पट्ट्या कुठल्या अक्षराला कुठे छेदतात ते ताडून बघतात. पण "हीच ती, मीच घातली होती" असं खेळाडूने सहीनिशी लिहून दिलं, तर त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही. तो गेल्यावर ते पत्र कोण देणार? शिवाय एक जर्सी तीन मुलांत कशी वाटायची?

मी सगळ्यांचीच बाजू घेत नाही. कर्ट शिलिंग या पिचरने 2004 च्या वर्ल्ड सिरीजमधला रक्ताचा डाग पडलेला मोजा 2013 मध्ये 92 हजार 613 डॉलरला विकला. त्याची व्हिडिओ गेमची कंपनी बुडाली होती आणि तिच्यासोबत ऱ्होड आयलंड राज्याने हमी दिलेलं 7 कोटी 50 लाख डॉलरचं कर्जही. मोजा विकायचा हक्क त्याचाच, पण तिथे मला वाईट वाटतं ते कर भरणाऱ्यांचं.

जॉनी बेंचचं प्रकरण मात्र माझ्या फार जवळचं. सिनसिनाटी रेड्सचा हा कॅचर. मुलांच्या शिक्षणाचा विचार करून त्याने 2020 मध्ये आपला संग्रह लिलावात काढला. फिलाडेल्फियाच्या एका धनवान चाहत्याने दहा लाख डॉलरहून जास्त मोजून त्यातल्या बऱ्याच वस्तू घेतल्या आणि बेंचलाच परत दिल्या. पैसेही त्याचे, वस्तूही त्याच्या. बेंचने मग त्या रेड्सच्या संग्रहालयात ठेवायला दिल्या. ज्यांना खेळाडूच्या आठवणींची एवढी काळजी वाटते त्यांच्यासाठी हा रस्ता कायम मोकळा आहे.

आपल्याकडचंही बोलायला हवं. कराडजवळचं गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचं गाव. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कुस्तीचं कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. 2017 मध्ये त्यांच्या घरच्यांनी जाहीर केलं की गावात कबूल केलेली कुस्ती अकादमी होत नसेल तर आम्ही पदकाचा लिलाव करू आणि त्या पैशातून ती उभारू. तेव्हा माझ्या नात्यातलेच काहीजण म्हणाले, "पदक का विकायची वस्तू आहे?" मी विचारलं, "मग वर्गणी किती काढताय?" त्यावर कुणी बोललं नाही.

मी राहते पिट्सबर्गला. इथे फोर्ब्ज फील्ड हे मैदान होतं. ते पाडलं, पण मागची विटांची भिंत थोडी शिल्लक आहे. 13 ऑक्टोबर 1960 ला वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, पिट्सबर्ग पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने चेंडू मैदानाबाहेर टोलवून, म्हणजे होमरन मारून, यांकीजना 10-9 हरवलं. दर 13 ऑक्टोबरला लोक त्या भिंतीपाशी घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात, त्या सामन्याचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून लावतात, आणि दुपारी 3 वाजून 36 मिनिटांनी, म्हणजे तेव्हा झाला त्याच मिनिटाला, तो होमरन पुन्हा होतो. 2013 मध्ये मॅझरॉस्कीचे त्या दिवशीचे कपडे लिलावात 6 लाख 32 हजार 500 डॉलरला गेले. पुढच्या ऑक्टोबरात मी लेकाला घेऊन भिंतीपाशी गेले होते. शेजारी पायरेट्सची टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. ते धुसफुसतच होते, "त्याने विकायला नको होतं. ते आमचं होतं."

मी त्यांना त्या होमरनच्या चेंडूची गोष्ट सांगितली. त्यांना अर्थातच ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. चेंडू एका चौदा वर्षांच्या पोराला सापडला होता आणि तो धावत ड्रेसिंग रूममध्ये द्यायला आला होता. चोवीस वर्षांच्या मॅझरॉस्कीने त्यावर सही केली आणि तुझ्याकडेच ठेव म्हणाला, मला आठवण पुरे. पुढे त्या पोराने दोस्तांबरोबर खेळताना तो गवतात हरवला. "चेंडू तर त्याने फुकट दिला होता ना तुमच्या गावाला?" मी म्हटलं.

आजोबा काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रेडिओ ऐकत राहिले. 3 वाजून 36 मिनिटांनी समालोचकाचा आवाज चढला, तेव्हा आमच्या रांगेत सगळ्यात आधी तेच उभे राहिले.