सगळ्याच मात्रा सम

गेल्या डिसेंबरात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मेसेज लागोपाठ आले, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. पहिला चुलतभावाचा, फोंड्याहून. किनाऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक नाच-फेस्टिव्हलांचं ढुमढुम आता पेडण्यापर्यंत पोचलं, ही आपली संस्कृती नव्हे, दीनानाथांच्या आणि केसरबाईंच्या गोव्यात हे चालू देता कामा नये वगैरे. दुसरा भाच्याचा, बेंगळुरूहून, तो संगणकावाला: "अॅसिड हाऊसचा शोध भारतीयानं लावला, १९८२, मुंबई" आणि खाली तिरंगा. (अॅसिड हाऊस म्हणजे यंत्रांवर वाजणारं, रात्रभर नाचायचं एक संगीत.) दोघांनीही एकमेकांच्या मेसेजला अंगठा दिला नाही. मी इथं नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टच्या ट्रेनमध्ये एका हातानं दांडा धरून उभा, दोन्ही वाचले आणि वाटलं की भाच्याच्या मेसेजमागची ती रेकॉर्ड दोघांनीही ऐकलेली नाही. भावाला ती असल्याचाच पत्ता नाही, आणि भाच्याला ती पहिली आहे एवढं कळलं, त्यातच त्याचं पोट भरलं.

रेकॉर्ड म्हणजे चरणजीत सिंगची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. १९८२ ची, एचएमव्हीची. चरणजीत हा मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंतला वाजवणारा माणूस, शंकर-जयकिशनपासून आर. डी. बर्मनपर्यंत सगळ्यांकडे त्यानं वाजवलं, आणि उरलेल्या वेळात लग्नांच्या पार्ट्यांत ऑर्केस्ट्रा. म्हणजे बुवा नव्हे, पंडित नव्हे, रोजंदारीचा कलाकार. त्यानं रोलंड कंपनीची तीन यंत्रं आणली, ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचं आणि टीबी-३०३ हे बेसचं. सिनेमात तेव्हा जिथंतिथं डिस्को चालू होता, तर ह्याच्या डोक्यात आलं की राग घ्यायचे, तबला बंद करायचा आणि खाली डिस्कोचा ठेका लावायचा. नंतर एका मुलाखतीत त्यानं हे इतक्याच साधेपणानं सांगितलंय, क्रांती-बिंती काही नाही. ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी, एकेक राग पाचेक मिनिटांत उरकलेला. पहाटेचा आणि मध्यरात्रीचा एकाच तबकडीवर, रागाच्या वेळेबिळेची काही पर्वा नाही.

खपली नाही ती. पडून राहिली. २००२ मध्ये एदो बाउमन नावाच्या एका डच माणसाला दिल्लीच्या दुकानात सापडली, त्यानं पुढं चरणजीतला शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा छापली, तेव्हा कुठं जगाला कळलं. काहींचा तर विश्वासच बसेना, कोणीतरी युरोपियन वात्रट संगीतकारानं नवी रेकॉर्ड करून जुनी म्हणून खपवली असणार म्हणाले. मग सत्तरीतला चरणजीत युरोपात स्टेजवर वाजवायला आला, २०१५ मध्ये मुंबईत गेला. मला ही रेकॉर्ड कशी कळली, तर इथल्याच एका डच सहकाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत हेडफोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाला, तुझ्या देशातलं आहे, ओळख. मी भजनात वाढलेला माणूस, यमन लगेच ओळखला, पण तो कशावर वाजतोय ते ओळखता येईना. लाज वाटली थोडी. म्हणजे आपल्या घरचा माल डच माणसानं आपल्याला दाखवायचा, असं.

आता भाच्याचं बघू. अॅसिड हाऊस हे शिकागोचं, तिथल्या पोरांनी टीबी-३०३ वर 'अॅसिड ट्रॅक्स' काढला तो १९८७ मध्ये बाहेर आला. चरणजीतनं तेच यंत्र पाच वर्षं आधी वापरलं आणि ऐकायला कमालीचं तसंच लागतं हे खरं. पण शिकागोच्या पोरांनी चरणजीत ऐकला नव्हता, आणि जे कोणी ऐकलंच नाही त्यातून कोण काय शिकणार? शोध म्हणायचा तर त्याला पुढं वारस लागतो. भारतातलं पहिलं म्हणाल तर तेही नाही, अहमदाबादच्या एनआयडीत, त्या डिझाइनच्या संस्थेत, १९६९ मध्येच मूग नावाचा सिंथेसायझर येऊन बसला होता आणि त्यावर प्रयोग झाले होते. मला उलट ह्यात मजा वेगळीच वाटते. टीबी-३०३ बनवलं होतं गिटारवाल्यांना सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून, आणि त्या कामाला ते अगदीच निरुपयोगी निघालं, आवाज बेसगिटारसारखा नाहीच, रबर ताणल्यासारखा. कंपनीनं दोनतीन वर्षांत बंद केलं आणि मग सेकंडहँड दुकानांत कवडीमोलानं पडून होतं, म्हणून शिकागोच्या गरीब पोरांना परवडलं. पण त्यात एक सोय होती, स्लाइड. एका सुरावरून दुसऱ्यावर मधे न तुटता घसरत जायचं. आपल्या कानाला ती काय वाटणार सांगा, मींडच की! यंत्र बनवणाऱ्या जपान्याला मींड माहीत असायचं कारण नाही, शिकागोवाल्यांनाही नाही, पण चरणजीतला ती तिथं दिसली. ह्या रेकॉर्डचं मोल मला तरी इथं वाटतं. पहिला नंबर गेला खड्ड्यात.

हे सगळं मी काकाला सांगितलं. काका म्हणजे भावाचा बाप, वय पंच्याहत्तरच्या पुढं, गावच्या देवळात चाळीसेक वर्षं पेटी वाजवतोय. (आमच्याकडं बोलणं कोंकणी आणि भजन, नाटक, पत्रिका, भांडणाचे लेख सगळं मराठी, त्यावरूनही गावात दर दोनचार वर्षांनी डोकी तापतात, पण ते पुन्हा कधीतरी.) रविवारी व्हिडिओ कॉलवर मी इथल्या स्पीकरवर ललत लावला. काकानं डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात म्हणाला, "दोनूय मध्यम लायल्यात मरे ताणें!" ललतात दोन्ही मध्यम लागतात, ते ह्यानं लावलेत म्हणून खूश झाला. मग कपाळाला आठ्या. "तबलजी कोण?"

म्हटलं तबलजी नाही, मशीन आहे.

"म्हणूनच," म्हणाला. "हांगा सम खंय? सगळीच सम!" सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिथं सगळे परत येऊन भेटतात, ती इथं कुठं, असं त्याचं म्हणणं.

आणि त्यानं मांडीवर हातानं सोळा मात्रांचा त्रिताल धरून दाखवला. एक वर टाळी, पाच वर टाळी, नऊ वर हात उलटा, तेरा वर टाळी. मी बघत राहिलो, कारण त्या टीआर-८०८ वर पुढं एका ओळीत सोळा बटणं आहेत, आणि डिस्कोचा ठोका बसतो तो बरोबर पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या बटणावर. म्हणजे हिशेब तोच, त्रितालाचाच म्हणा ना. फरक एवढाच की नवव्याला काका हात उलटा करतो, 'खाली' देतो, म्हणजे ती मात्रा मुद्दाम रिकामी सोडतो, आणि मशीन तिथंही तेवढंच जोरात हाणतं. खालीच नाही! आणि खाली नसेल तर समेला किंमत कसली, कुठं जाऊन कुठं परत आलो हेच कळत नाही. मी अशा संगीतावरची चार पुस्तकी परीक्षणं वाचली असतील, पण दोष इतका नेमका कोणी दाखवला नव्हता. आणि नाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं हेही खरं, त्याला परत यायचंच नसतं, त्याला पुढं पुढं जायचं असतं रात्रभर.

राग म्हणून बघाल तर ही रेकॉर्ड मध्यमच आहे, हे कबूल करायला काय जातं. आलाप नाही, तोडीचा गंधार जिथं पाहिजे तिथं कळफलकावर मिळतच नाही, भूपाळी तर मधेमधे शाळेच्या बँडसारखी वाटते. पहिल्याच ट्रॅकला यंत्रातून गाळलेल्या आवाजात कोणी "ॐ नमः शिवाय" म्हणतं ते ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं. पण मेघमल्हार लावून बघा, हेडफोनवर. वर सूर भरभर चढउतार करतायत आणि खाली ते रबरी बेस स्वतःशीच काहीतरी बडबडतंय, दोघं एकमेकांचं ऐकतायत की नाही कळत नाही आणि मधेच एका जागी जुळून जातात. ती जागा आली की मी दरवेळी मागं घेऊन पुन्हा ऐकतो.

भावाचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. डिसेंबरातल्या त्या मोठ्या फेस्टिव्हलांच्या वेळी काय होतं ते मला माहीत आहे, खिडकीच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं झोपत नाहीत, ट्रॅफिक, कचरा, आणि गावाला विचारतो कोण. २०२४ मध्ये पेडण्यातल्या धारगळला असल्याच फेस्टिव्हलला विरोध झाला तो उगाच नव्हे. माझं भांडण एवढंच की हा राग त्या संगीताच्या जातीवर का काढायचा? रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम यंत्राला आहे तसा कीर्तनालाही आहे, सरकारनं सूट दिली तर वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत, बस्स. आमच्या जत्रेतली नाटकं त्या नियमात अडकली तेव्हा हाच भाऊ म्हणत होता की संस्कृतीला डेसिबल लावू नका! म्हणजे आपल्याला आवडलं ते संस्कृती, नाही आवडलं ते प्रदूषण.

इथं काय होतं सांगतो, इथलं सगळं सोन्याचं आहे म्हणून नव्हे. आमच्या बिल्डिंगपासून सायकलनं दहा मिनिटांवर मैदान आहे, उन्हाळ्यात तिथं असलाच ढुमढुम असतो. आधी दोन आठवडे टपालाच्या पेटीत पत्र येतं, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, त्रास झाला तर ह्या नंबरवर फोन करा. परवान्यात डेसिबलची मर्यादा लिहिलेली असते, लोकांच्या घरांपाशी मोजतात, आणि बेसचा आवाज वेगळा मोजतात, कारण भिंतीतून येतो तो तोच. अकराला गाणं अर्ध्यात असलं तरी बंद. लोक तरीही तक्रार करतातच. पण ही डच संस्कृती आहे का यावर निदान माझ्यासमोर कोणी वाद घातलेला नाही, वाद आकड्यावर. आणि ह्याच शिस्तीचा मला फटकाही बसलाय, चतुर्थीला आम्ही पाच घरची माणसं जमून आरत्या म्हणत होतो, साडेआठ वाजले होते फक्त, तर खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, झांजेकडं बोट दाखवून म्हणाल्या, ते धातूचं तेवढं थांबवाल का. झांज थांबवली. टाळ्यांवर "घालीन लोटांगण" म्हटलं. घरी हे सांगितलं तर भाऊ म्हणाला, बघ, परक्या देशात हे असं. मी म्हटलं, अरे तू तुझ्या देशात दुसऱ्याला हेच सांगतोयस.

यंत्राचंच म्हणाल तर काकाची पेटी काय देवानं दिलेली आहे? युरोपातून आली, बाजाच्या पेटीत मींड येत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभं केलं नव्हतं. संगीत नाटकातला ऑर्गन तर सरळ चर्चचा भाऊबंद. आणि काकाच्या उजव्या हाताला आज इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो, बेंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७९ मध्ये काढला ती जात, तो देवळात चालतो, त्यावर कोणी ग्रामसभा घेत नाही. केसरबाईंचं नाव भावानं घेतलं म्हणून सांगतो, आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, त्यांची भैरवी "जात कहाँ हो" १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर चढवली. गोवा सोडून मुंबईला गेलेली बाई, आता सूर्यमालेच्याही बाहेर. ह्यापेक्षा मोठं यंत्र कुठलं?

एक गोष्ट मात्र यंत्राच्या विरुद्ध आहे आणि ती ह्या वादात कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. मुंबईच्या ज्या स्टुडिओंत चरणजीत वाजवायचा तिथं त्याच्या आजूबाजूला आमची गोंयकार माणसं बसायची, सासष्टी-बारदेशची, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून गेलेली, व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, ही मोठी नावं, आणि मागं बिननावाची कितीतरी. पुढं दहापंधरा वर्षांत सिंथेसायझरनं त्या व्हायोलिनांच्या रांगाच्या रांगा घरी बसवल्या, एक माणूस आणि एक कीबोर्ड, झालं काम. तबला बंद करून बघू असं चरणजीतला गमतीनं वाटलं, प्रोड्यूसरना ते हिशेबानं वाटलं. रेकॉर्ड ऐकताना हे मला आठवतं आणि मग ती नुसती गोड लागत नाही. पण म्हणून ती बंद करावीशीही वाटत नाही, काय करणार.

मागच्या रविवारी काकानं स्वतःहून विचारलं, ते घसरणारं यंत्र म्हापशाला मिळेल का. म्हटलं जुनं असली टीबी-३०३ आता हजारो युरोंना जातं, कवडीमोलाचं होतं ते दिवस गेले. काका थोडा वेळ गप्प. मागं तानपुऱ्याची पेटी चालूच होती.

"ताचेपरस पेटयेक नवो भातो घालीन हांव," म्हणाला. "आणि तो मालकंस धाड परत. ढुमढुम उणें करून."