रोबो नसल्याचा दाखला

मध्यंतरी आमच्या घरी सातबारा बघायचा असेल तर आधी गुडघेदुखी बघावी लागायची. वरच्या पट्टीत 'सातबारा' टाइप करून एंटर मारलं की दोन-तीन अनोळखी पत्ते भर्रकन सरकून जायचे आणि एक पांढरं-निळं पान उघडायचं. त्यात पहिला मान गुडघ्याच्या तेलाचा, दुसरा बिनतारण कर्जाचा, तिसरा रमीचा. महाभूलेखचा नंबर लागायचा तो पार तळाला. वीजबिल शोधा, दहावीचा निकाल शोधा, तेल आधी.

आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतो, अंगावर सोलापुरी टॉवेल पांघरून. सकाळी तो अप्पांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. दुपारी लेकीकडे, रात्री नवऱ्याकडे. मधल्या वेळात टॉवेल झटकायला माझ्याकडे.

ही ब्याद घरात आणली कुणी, याची रीतसर चौकशी झाली. डाउनलोडच्या फोल्डरात एक फुकटचं पीडीएफ जोडायचं सॉफ्टवेअर सापडलं. वेळ दुपारी दोन वीस. सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन वीसला अधिकृतरीत्या कुणीच जागं नसतं. लेकीला स्कॉलरशिपचे कागद एकत्र करायचे होते, नवऱ्याला घरपट्टीच्या पावत्या, अप्पांना पेन्शनचे कागद. कारण प्रत्येकाकडे होतं आणि झोपही प्रत्येकाला लागलेली होती. चौकशी तिथंच थांबली.

असलं सॉफ्टवेअर घरात शिरतं कसं, ते मात्र मी बघून ठेवलं. डाउनलोडच्या पानावर तीन हिरवी बटणं असतात. त्यातली दोन मोठी बटणं जाहिरातीची, खरं ते बारीक अक्षरात कोपऱ्यात. ते सापडलंच तर पुढं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना मध्येच एक खिडकी येते. तिच्यात 'आमचं सर्च वापरा', 'आमचं पान होमपेज करा' अशा चौकटी आणि त्यांत टिका आधीच मारलेल्या. आपण फक्त पुढं जायचं. या आगाऊ टिकांची युक्ती ज्या डोक्यातून निघाली, त्याला मे महिन्यात सात रस्त्यावर भर दुपारी अनवाणी उभं करावं, एवढीच माझी शिक्षा आहे. फार नाही, एक सिग्नल सुटेपर्यंत.

खरी अडचण वेगळीच होती. ते पान अप्पांना आवडलं होतं.

त्या पानावर भलं मोठं घड्याळ होतं, चष्म्याशिवाय दिसणारं. खाली राशिभविष्य आणि त्याच्या शेजारी आजचं तापमान. अप्पांची हयात मिलमध्ये गेली. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. मिल बंद पडली, भोंगा गेला, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी पुन्हा एवढ्या ठळकपणे वेळ सांगायला लागलं. सकाळी टॉवेल बाजूला करून ते जाहीर करायचे, "आज छत्तीसच हाय. ऊन काय विशेष नाही." आणि त्या भरवशावर भर उन्हाचे मंगळवार बाजारात जाऊन लाललाल होऊन परत यायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. तेही म्हणायचे, वय झालं.

मी सेटिंगमध्ये जाऊन होमपेज बदललं. रात्रीपर्यंत ठीक. सकाळी ब्राउझरने विचारलं, अमुक एक्स्टेन्शनने (म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरने) तुमची सेटिंग बदलली आहे, बदल ठेवायचा की पूर्ववत करायचं? खुर्चीवर अप्पा होते. त्यांनी ठेवला. "एवढं अदबीनं विचारलालंय, नको कसं म्हणायचं?"

मग उजव्या कोपऱ्यातून चिठ्ठ्या यायला लागल्या. लॉटरी लागली, बँक खातं बंद होतंय, एकटे आहात का. यांचं मूळ शोधता कळलं की काही साइट उघडल्या उघडल्या सांगतात, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा'. रोबोचा त्यात काही संबंध नसतो. ते बटण म्हणजे त्या साइटला आपल्या पडद्यावर वाटेल तेव्हा चिठ्ठी टाकायची परवानगी. अप्पांना तो प्रश्नच अपमानाचा वाटला. "मी काय रोबो हाय का बे?" असं म्हणून त्यांनी दिसेल त्या साइटला रोबो नसल्याचा दाखला देऊन टाकला होता.

कहर झाला एका संध्याकाळी. पडदा लाल झाला, सायरन वाजायला लागला, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा'. अप्पा फोनपर्यंत पोचलेही होते. लेकीने हातातून फोन काढून घेतला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो, हे ती कॉलेजात शिकली होती. फोन करायचाच तर सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, १९३०, असंही तिने सांगितलं. हा नंबर सोलापूरकराला पाठ करावा लागत नाही. १९३० च्या मे महिन्यातच इथं इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता. अप्पांनी तो लगेच कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि समोरच्याला फोन करायचं राहून गेलं.

यानंतर नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. त्याने ब्राउझरच काढून टाकला आणि नवा घातला. नव्या ब्राउझरमध्ये त्याने आपलं खातं उघडलं, पासवर्ड आले, बुकमार्क आले आणि मागोमाग तेल, कर्ज, रमीही आली. सिंक नावाची जी सोय असते ती एक्स्टेन्शनही जपून ठेवते आणि नव्या घरी सामानाबरोबर इमानदारीने पोचवते. मग त्याने सेफ मोडसाठी, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू करायला, एफ-एट दाबायला सुरुवात केली. दाबतच राहिला. विंडोज सेव्हनपर्यंत ही युक्ती चालायची. आमच्याकडे दहा आहे. त्यात शिफ्ट धरून रीस्टार्ट करावं लागतं. हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही, कारण तो घामाघूम होता आणि एफ-एटचं बटण आता थोडं आत गेलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी जिन्यातूनच निदान केलं. "फॉरमॅट मारा." मास्तरांचा या औषधावर फार विश्वास. प्रिंटर चालेना तरी फॉरमॅट. पण आमच्या त्या डिस्कवर लेकीचं बारसं होतं आणि गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजांचे फोटो होते, तेव्हा मास्तरांना चहावर परत पाठवलं.

उपाय शोधायला गेलो तर आणखी पंचाईत. 'हा व्हायरस कसा काढावा' असं विचारायचं कुणाला, तर त्याच सर्चला. त्याने आनंदाने दहा उत्तरं दिली. त्यातली वरची सगळी 'फुकट व्हायरस काढा, इथं दाबा' अशी. हिरवी बटणं.

शेवटी बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला बोलावलं. ऊन उतरल्यावर तो विजापूर रोडवरून स्कूटीवर आला. आल्या आल्या त्याने पहिली दुरुस्ती माझ्या बोलण्यात केली. "मावशी, हा व्हायरस नाही. व्हायरस स्वतःच्या प्रती काढत पसरतो. हा ब्राउझर हायजॅकर आहे. तुमचा प्रत्येक सर्च आपल्या दारावरून नेतो आणि जाहिरातवाल्यांकडून दलाली घेतो." म्हणजे महिनोन्‌महिने आम्ही वीजबिल शोधत होतो आणि कुणीतरी परदेशात त्यावर पैसे कमवत होतं. नवरा म्हणाला, निदान वीजबिल तरी भरायचं त्याने.

भाकरी, शेंगा चटणी आणि दही समोर आल्यावर त्याने २०१७ सालच्या फायरबॉलची गोष्ट सांगितली. चेक पॉइंट या कंपनीच्या अंदाजाने तो हायजॅकर जगात २५ कोटी कॉम्प्युटरांत शिरला होता, त्यातले अडीच कोटींहून जास्त भारतातले. मायक्रोसॉफ्टने नंतर हा आकडा फुगवलेला असल्याचं म्हटलं. अप्पांना मात्र फुगवलेलाच आवडला. "मग आपण एकटे नाही," म्हणून त्यांनी भाकरीचा आणखी तुकडा मोडला.

जेवण झाल्यावर भाचा खुर्चीवर बसला आणि अप्पा स्टूल ओढून त्याच्या शेजारी. त्यांची एकच अट. "बाकीचं काय काढायचं ते काढ. घड्याळ आणि तापमान ठेव."

भाच्याने पडद्यावर बघितलं. मग पंख्याकडे बघितलं. पंखा भट्टीतली हवा आमच्या अंगावर टाकत होता आणि पडदा म्हणत होता, सत्तावीस अंश. त्याने पान मोठं केलं. आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात गावाचं नाव होतं.

"अप्पा, हे पुण्याचं आहे."

"काय पुण्याचं?"

"तापमान. हे पान इंटरनेटच्या पत्त्यावरून गाव ओळखतं. पुष्कळदा ते कंपनीचं मोठं केंद्र जिथं असेल तिथलंच गाव धरतं. तुम्ही पुण्यात बसलाय असं त्याला वाटतंय."

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ती मुंगीची अक्षरं स्वतः वाचली. बाजारातल्या सगळ्या फेऱ्यांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर लागताना दिसत होता. बेचाळीस डिग्रीत आयुष्य काढलेला माणूस महिनोन्‌महिने पुण्याच्या हवेत, छत्रीशिवाय.

"काढ," ते म्हणाले. "मुळासकट काढ बे."

त्यानंतर अप्पांइतका कडवा माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. भाच्याने आधी सिंक बंद केलं. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं, तर टार्गेटच्या ओळीत ब्राउझरच्या नावापुढं त्या पानाचा पत्ता चिकटवलेला. आयकॉन दाबला की तेच उघडणार. तो खोडला. एक्स्टेन्शन काढायला गेला तर काढायचं बटणच नाही, आणि मेनूच्या तळाशी ओळ, 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित'. अप्पा एका सोसायटीचे माजी संचालक. "कुठली संस्था? सर्वसाधारण सभा कधी झाली?" भाच्याने समजावलं की कंपन्या आपल्या कॉम्प्युटरांवर नियम लावतात, त्या जागी या पठ्ठ्याने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, स्वतःचे नियम लिहून ठेवलेत. ते पुसले. बटण उगवलं. एक्स्टेन्शन गेलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

पांढरं-निळं पान हजर. घड्याळासकट.

भाचा पहिल्यांदाच गप्प झाला. अप्पा म्हणाले, "मागावर धागा सारखा तुटायला लागला तर कापडाकडं बघत बसायचं नाही. मागच्या बाजूनं बघायचं, सूत येतंय कुठनं."

भाच्याने टास्क शेड्यूलर, म्हणजे आपोआप होणाऱ्या कामांची यादी, उघडलं. तिथं 'अपडेट' असं साळसूद नाव घेऊन एक काम बसलेलं होतं. लॉगिन झालं रे झालं की ते सगळं पुन्हा पहिल्यासारखं मांडून ठेवायचं. म्हणजे क्रम चुकला होता. आधी ते काम उडवायचं, मग ते पीडीएफवालं सॉफ्टवेअर, मग नियम, मग एक्स्टेन्शन. उरलंसुरलं झाडायला ॲडडब्ल्यूक्लीनर. ते त्याने मालवेअरबाइट्सच्या मूळ साइटवरून स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवलं आणि पेनड्राइव्हवरून आणलं. आमच्या सर्चवर शोधलं असतं तर पुन्हा हिरवी बटणं.

स्कॅन सुरू झाला आणि खालून आरोळी आली, "पाणी आलं!"

सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा विचारून येत नाही. अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा. नवरा मोटारीपाशी, लेक टाकीवर, मी पिण्याच्या हंड्यांशी, इंजिनिअर भाच्याच्या हातात पाइप. कॉम्प्युटरपाशी फक्त अप्पा राहिले. भिजून परत आलो तेव्हा स्कॅन संपला होता, सापडलेल्या भानगडींची यादी पडद्यावर होती आणि अप्पांचं बोट माउसवर होतं. ते एकेक नाव मोठ्याने वाचून घेत होते. यादी पूर्ण वाचल्याशिवाय त्यांनी शिक्षा दिली नाही. मग 'क्वारंटाइन'वर टिचकी मारली.

चिठ्ठ्यांची परवानगीही काढून घेतली. त्या साइटींची नावं अप्पांनी स्वतः सांगितली, बरीचशी पाठ होती. होमपेजवर आता हवामान खात्याचं पान आहे, सोलापूरचं. अक्षरं बारीक आहेत. अप्पा भिंग घेऊन बसतात, पण आकडा बघून समाधानाने म्हणतात, "त्रेचाळीस. हां, आता बरोबर."

भाचा पेनड्राइव्ह विसरून गेला. परवा बघते तर तो टॉवेलाजवळ नाही आणि अप्पाही घरात नाहीत. दार उघडंच होतं. जिन्याच्या वरच्या टोकाकडून त्यांचा आवाज येत होता.

"मास्तर, फॉरमॅट-बिरमॅट काय मारू नका. आधी मला सांगा, तुमच्याकडं तापमान कुठल्या गावचं दाखवलालंय?"