‘डेस्परॅडो’ पडला होता, पण तुम्ही सांगता तसा नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. तुमच्याकडेही एव्हाना येऊन गेला असेल. वर उगवत्या सूर्याचं चित्र, खाली मजकूर. थोडक्यात असा: अमेरिकेतल्या ईगल्स या बँडचा पहिला अल्बम सुपरहिट झाला आणि त्यांच्या डोक्यात हवा गेली. दुसऱ्या अल्बममध्ये, म्हणजे ‘डेस्परॅडो’मध्ये, त्यांनी कोणाला नको असलेल्या काऊबॉय-दरोडेखोरांच्या गोष्टी गायल्या. श्रोत्यांनी तो झिडकारला, कोणी विकत घेतला नाही, ‘डेस्परॅडो’ हे गाणंसुद्धा रेडिओवर आपटलं आणि कंपनीने त्यांना हाकलून दिलं. मग ते शहाणे झाले, कंट्री संगीत, म्हणजे तिकडचं गावाकडच्या ढंगाचं गाणं, सोडलं, लोकांना हवं ते दिलं आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ घडलं. तात्पर्य, गिऱ्हाईक हाच देव.

असले फॉरवर्ड मी एरवी उघडतही नाही. पण हा माझ्या भाचीला उद्देशून होता. तिच्या काकांनी तिला टॅग करून खाली लिहिलं होतं, ‘वाच आणि विचार कर.’

भाची नाशिकला चौघांच्या बँडमध्ये गाते. दोन वर्षांपूर्वी त्यांची पहिली गाणी आली, कॉलेजमधल्या प्रेमाबिमाची, आणि गॅदरिंगांमध्ये ती चांगली चालली. यंदा त्यांनी दुसरा अल्बम केला. आठ गाणी आणि आठही एकाच माणसाची, रात्रीचा कसारा घाट चढणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरची. पहिल्याच्या मानाने ती कमी ऐकली गेली, हे खरं. फॉरवर्ड आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पुढच्या कार्यक्रमाच्या यादीतून त्यातली चार गाणी काढली. मला हे बहिणीकडून कळलं आणि डोकं फिरलं. काकांचा हेतू वाईट नाही, हे मला माहीत आहे. पण मी हे संगीत तीस वर्षं ऐकतोय आणि त्या मजकुरात धड वाक्यं दोन-तीनच आहेत.

जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. ‘डेस्परॅडो’ एप्रिल 1973 मध्ये आला आणि पहिल्या अल्बमपेक्षा खाली राहिला. पहिला बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत 22व्या क्रमांकापर्यंत गेला होता, हा 41वर थांबला. पहिल्या अल्बममधली तीन गाणी सिंगल म्हणून, म्हणजे वेगळी सुटी काढून, गाजली होती, ‘टेक इट इझी’ 12व्या, ‘विची वुमन’ 9व्या आणि ‘पीसफुल इझी फीलिंग’ 22व्या क्रमांकावर. ‘डेस्परॅडो’मधून दोन सिंगल निघाली. ‘टकीला सनराइज’ 64वर अडकलं, ‘आउटलॉ मॅन’ 59वर. बँडला ते लागलं असणार, कंपनीलाही. इथपर्यंत ठीक.

पण ‘कोणी विकत घेतला नाही’? अमेरिकेत रेकॉर्ड उद्योगाची एक संघटना आहे, आरआयएए. विक्री तपासून गोल्ड, प्लॅटिनम अशी प्रमाणपत्रं ती देते. तिच्या नोंदी कोणालाही पाहता येतात, फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही आल्या असत्या. पहिला ‘सुपरहिट’ अल्बम बाजारात आला 1972च्या जूनमध्ये आणि त्याला गोल्ड मिळालं 1974 साली. झिडकारलेल्या ‘डेस्परॅडो’ला गोल्ड कधी मिळालं? त्याच 1974 साली. पुढे 2001 मध्ये तो डबल प्लॅटिनम झाला, म्हणजे एकट्या अमेरिकेत 20 लाख. पहिल्या आठवड्यांत दुकानातून कमी उचलला गेला आणि नंतर हळूहळू, न थांबता जात राहिला, असा हा अल्बम आहे. त्याला ‘झिडकारलं’ हा शब्द कसा लावायचा?

आता ते रेडिओवर आपटलेलं गाणं. ही या मजकुरातली सगळ्यात मोठी थाप आहे. ‘डेस्परॅडो’ हे गाणं सिंगल म्हणून कधी काढलंच नाही. सिंगल म्हणजे त्या काळी दोन बाजूंची छोटी तबकडी. कंपनी ती रेडिओ स्टेशनांना पाठवायची आणि याद्यांमध्ये वरखाली व्हायच्या त्या मुख्यतः याच तबकड्या. जे गाणं शर्यतीत उतरवलंच नाही, ते हरलं कसं?

या गाण्याचा प्रवास थोडा सविस्तर सांगतो, कारण भाचीला तोच सांगायचा आहे. ईगल्समधल्या डॉन हेन्लीकडे त्याचा अर्धवट तुकडा 1960च्या दशकाच्या शेवटापासून पडून होता. बँडमधल्याच ग्लेन फ्रायबरोबर बसून त्याने तो पुरा केला. पुढे कितीतरी वर्षं जी जोडी अमेरिकेची गाणी लिहिणार होती, तिने एकत्र बसून लिहिलेल्या अगदी पहिल्या गाण्यांतलं हे एक. ध्वनिमुद्रण लंडनच्या आयलंड स्टुडिओत झालं, निर्माता ग्लिन जॉन्स. मागे पियानो, मग तंतुवाद्यांचा मोठा ताफा. हेन्ली त्या वादकांसमोर गाताना बावरला होता आणि हे गाणं पुन्हा एकदा गायला मिळायला हवं होतं, असं त्याने नंतर बोलून दाखवलं आहे. आज ऐकताना ते बावरणं ऐकू येतं का? मला येतं. सुरुवातीला नुसता पियानो असतो, तेव्हा आवाज जरा जपून पावलं टाकतो. मला तर ते गाणं त्या जपून टाकलेल्या पावलांमुळेच खरं वाटतं.

त्याच वर्षी लिंडा रॉनस्टॅटने ते आपल्या ‘डोन्ट क्राय नाऊ’ अल्बममध्ये गायलं. लिंडा कोण? जिच्या मागे वाजवता वाजवता 1971 मध्ये ईगल्सचे हे चौघे एकत्र आले ती. अनेकांनी ते गाणं पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. 1975 मध्ये कार्पेंटर्सनी ते गायलं, 2002 मध्ये म्हाताऱ्या जॉनी कॅशने. ईगल्सचं सिंगल म्हणून एकदाही न निघता गाणं असं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात राहिलं.

आणि आता हे नीट वाचा. फेब्रुवारी 1976 मध्ये ईगल्सचा निवडक गाण्यांचा संग्रह आला, ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स 1971–1975’. त्यात चार अल्बममधली दहा गाणी आहेत. नाव हिट्स, तरीही त्यात ‘डेस्परॅडो’ हे कधीच सिंगल न झालेलं गाणं आहे आणि 64वर अडकलेलं ‘टकीला सनराइज’ही आहे. आरआयएएने प्लॅटिनम हे प्रमाणपत्र त्याच वर्षी सुरू केलं आणि ते मिळवणारा पहिला अल्बम हाच. 2018 साली याच संघटनेने त्याची मोजदाद 3 कोटी 80 लाखांवर नेली आणि मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे टाकून तो अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. त्यातलं दर पाचवं गाणं ‘झिडकारलेल्या’ अल्बममधलं आहे. माझा पुरावा मुख्यतः हा एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे असं मला वाटतं.

‘कोणाला नको असलेल्या दरोडेखोरांच्या गोष्टी’ या वाक्याचा राग वेगळा आहे. गोष्ट काय आहे हे न बघताच ते लिहिलंय. 5 ऑक्टोबर 1892 रोजी कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात डाल्टन बंधूंच्या टोळीने एकाच वेळी दोन बँका लुटायचा बेत केला. गाव त्यांच्या ओळखीचं, त्यामुळे खोट्या दाढीमिशा लावूनही लोकांनी त्यांना ओळखलं. भर रस्त्यात गोळीबार झाला. टोळीतले चौघे मेले, गावातलेही चौघे मेले. धाकटा एमेट डाल्टन अंगावर 23 जखमा घेऊन वाचला आणि चौदा वर्षं तुरुंगात राहिला. मेलेल्या दरोडेखोरांना ओळीने ठेवून काढलेला त्या दिवसाचा फोटो प्रसिद्ध आहे. अल्बमच्या मागच्या बाजूला बँडने तोच प्रसंग उभा केला. ईगल्सचे चौघे आणि त्यांच्याबरोबर ‘डूलिन-डाल्टन’ गाणं लिहिणारे जॅक्सन ब्राउन आणि जे. डी. साउदर, असे सहा जण हात बांधून जमिनीवर मेलेले पडलेत आणि त्यांना पकडणारे बंदुका घेऊन मागे उभे आहेत. त्या उभ्या माणसांत निर्माता ग्लिन जॉन्सही आहे. पंचविशीच्या आसपासची ही पोरं स्वतःकडेच बघत होती. आपणही टोळी करून गावोगाव फिरतोय, पैसा येतोय, याचा शेवट काय? पहिल्या यशाच्या ऐन भरात असा प्रश्न स्वतःला विचारणाऱ्यांच्या डोक्यात हवा गेली होती म्हणणं अन्याय आहे.

कंपनीने हाकलून दिलं, हे साफ खोटं. पुढचा अल्बम ‘ऑन द बॉर्डर’ 1974 मध्ये त्याच असायलम कंपनीकडून आला. विषय संपला.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण भाचीने गाणी काढली ती यामुळे. ‘शहाणे झाले आणि कंट्री सोडलं.’ यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना कबूल करतो. त्यांना रॉककडे सरकायचं होतं. तिसऱ्या अल्बमचं काम लंडनमध्ये ग्लिन जॉन्सबरोबरच सुरू झालं, पण फ्रायला आवाज अजून दणदणीत हवा होता. मग ते अमेरिकेत परतले, बिल सिमझिक हा नवा निर्माता घेतला, डॉन फेल्डर पाचवा गडी म्हणून आला आणि गिटारी चढल्या. हे सगळं झालं.

पण या बँडचं पहिलं क्रमांक एकचं गाणं कोणतं? ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’, मार्च 1975. संथ, अकूस्टिक गिटारीवरचं गाणं. आणि ते मुद्रित झालं होतं लंडनमध्ये, ग्लिन जॉन्सबरोबर, म्हणजे ज्या माणसाला आणि ज्या आवाजाला मागे टाकून हे ‘शहाणे’ झाले म्हणे, त्याच माणसाबरोबर, त्याच आवाजात! लंडनची फक्त दोन गाणी त्या अल्बममध्ये टिकली, त्यातलं हे एक. त्याच वर्षी ‘लायिन आइज’ आलं. चाल थेट कंट्रीची. मुख्य यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, कंट्रीच्या यादीत आठव्या, आणि त्याला ग्रॅमी मिळालं. कंट्री सोडून यश आलं म्हणणाऱ्याने या दोन गाण्यांचं काय करायचं ते सांगावं. बँजो वाजवणारा बर्नी लेडन बाहेर पडला तो 1975च्या शेवटी, म्हणजे हे सगळं यश पदरात पडल्यावर. आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आला डिसेंबर 1976 मध्ये. ‘डेस्परॅडो’नंतर साडेतीन वर्षं आणि मध्ये आणखी दोन अल्बम. फॉरवर्डने ती साडेतीन वर्षं एका ‘मग’मध्ये उडवून लावली.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, यापेक्षा थोडं कमी चिडून. काकांनी लिहिलं, ‘मला एवढं माहीत नव्हतं, मला फक्त तिची काळजी वाटते.’ काळजी मलाही वाटते. म्हणूनच तिला वेगळा मेसेज केला की काढलेल्या चारांपैकी तिसरं, ज्यात ड्रायव्हर घाट चढून इगतपुरीला चहा घेतो आणि घरी फोन करावा की नको या विचारात ग्लास हातात तसाच धरून बसतो, ते मला पाठ झालंय. तिचं दोन दिवस उत्तर नाही. काल रात्री उशिरा आलं, ‘मामा, ती लिंडा कोण, तिचं गाणं पाठव ना.’ पाठवलंय.