पदवीवाचून बायोकॉन उभी राहिलेली नाही

सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने ‘हे वाच आणि मग मला फीविषयी बोल’ असे म्हणत आपल्या आईला पाठवलेला संदेश ताईने माझ्याकडे धाडला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. बायोकॉन या जैवऔषध कंपनीच्या संस्थापक किरण मजुमदार-शॉ यांच्याकडे ना पदवी होती ना ओळख, 10,000 रुपये घेऊन त्या गॅरेजमध्ये बसल्या, त्यांनी इन्सुलिनचा शोध लावला आणि पुढे सगळी संपत्ती दान करून टाकली, असे त्यात ठासून सांगितले आहे.

गॅरेज आणि 10,000 रुपये खरे आहेत. बायोकॉन स्वतःच्या इतिहासात तेच सांगते. बँका कर्ज देईनात, हेही खरे. पण तोच इतिहास जरा पुढे वाचला, तर 1978 मध्ये त्या गॅरेजातून काय विकले जात होते ते कळते, आणि पदवीची थाप तिथेच उघडी पडते. पहिली उत्पादने दोन होती: पपेन आणि आयसिंग्लास. कच्च्या पपईच्या सालीवर चिरा पाडल्या की जो पांढरा चीक गळतो, त्यापासून मिळणारे पपेन हे विकर (एन्झाइम) थंड केलेली बिअर गढूळ होऊ देत नाही. आयसिंग्लास माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून, म्हणजे आपले कोळी जिला भोत म्हणतात तिच्यापासून बनते आणि बिअरमधील यीस्ट तळाशी बसवते. दोन्हींचे गिऱ्हाईक मद्यनिर्मितीचे कारखाने. हे ज्ञान गॅरेजच्या भिंतींनी दिले नव्हते. बंगळूर विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्या ऑस्ट्रेलियात बॅलरटला मद्यनिर्मितीशास्त्र शिकल्या, तेथे आणि नंतर भारतात त्यांनी या उद्योगात काम केले, आणि स्त्री म्हणून मुख्य ब्रूमास्टरची, म्हणजे मद्यनिर्मितीच्या प्रमुखाची, जागा मिळेना तेव्हा आयर्लंडच्या बायोकॉन बायोकेमिकल्सने त्यांना भागीदार केले. वडील रसेंद्र मजुमदार युनायटेड ब्रुअरीजचे मुख्य ब्रूमास्टर होते, त्यामुळे ‘ओळख नाही’ हेही जपूनच म्हणावे. जिद्द होतीच, ती कोण नाकारतो? पण या धंद्यातले खरे भांडवल त्यांचे शिक्षण होते, आणि नेमके तेच वगळून हा संदेश विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या हाती दिला जातो, याचा मला राग आहे.

इन्सुलिनचा शोध 1921 साली टोरांटोत लागला आणि जनुकीय तंत्राने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत 1982 मध्येच मंजुरी मिळाली. पिकिया नावाच्या यीस्टपासून ते तयार करण्याचे काम बायोकॉनने केले, ते मोठेच आहे, पण त्याला शोध म्हणत नाहीत.

राहिले दान. 2016 मध्ये त्यांनी ‘गिव्हिंग प्लेज’ या अतिश्रीमंतांच्या दानाच्या प्रतिज्ञेवर सही करून 75 टक्के संपत्ती देण्याचा संकल्प केला, असा संकल्प हयातीत किंवा मृत्युपत्राने पुरा करता येतो आणि तो कायद्याने बांधत नाही, म्हणून ‘दान करून टाकली’ हे क्रियापद चुकीचे आहे. त्यांच्या दातृत्वाचे उदाहरण हवेच असेल, तर हृदयशल्यचिकित्सक देवी शेट्टी यांच्याबरोबर 2009 मध्ये बंगळूरला उभारलेल्या कर्करोग रुग्णालयाचे द्यावे. ते निदान आज जाऊन पाहता येते.